लग्नाची पेटी आणि व्हिसाची रांग

मंडळी, परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन विषयांवर बोलायचा कधीच कंटाळा येत नाही, असं आमचं निरीक्षण आहे. एक नाटक आणि दुसरा इमिग्रेशन. गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहा, पुढच्या दोघांचे बोलणे यातल्याच कुठल्यातरी विषयावर चाललेले असते. यंदाच्या एकांकिकेत कोण काम करतंय, नाहीतर कुणाचे ग्रीन कार्ड कुठवर आले. हे दोन्ही विषय एकाच गाठीत बांधणारा एक अमेरिकन रंगकर्मी आहे, टिम मिलर. तो मराठी नाही, भारतीयही नाही, आणि त्याच्या नाटकांचा जो विषय आहे तो आपल्या स्मरणिकांमध्ये सहसा येत नाही. पण व्हिसाच्या रांगेत ज्यांनी आयुष्याची दहा-दहा वर्षे घालवली आहेत, त्या आपल्यासारख्यांना त्याचे काम इतरांपेक्षा लवकर कळेल, असे आम्हाला वाटले. म्हणून हा लेख.

मिलरचा जन्म १९५८ चा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावचा. वाढला जवळच्याच व्हिटियरमध्ये, म्हणजे रिचर्ड निक्सन जिथे लहानाचे मोठे झाले त्या गावात. एकोणीस वर्षांचा असताना तो न्यूयॉर्कला गेला. तिथे फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूवर बंद पडलेल्या एका सरकारी शाळेची इमारत होती. १९८० मध्ये त्याने आणि त्याच्या काही मित्रांनी तिथे प्रयोग सुरू केले. शाळेचा जुना नंबर तेच नाट्यगृहाचे नाव झाले, 'पी. एस. १२२'. पुढे तो कॅलिफोर्नियाला परतला आणि १९८९ मध्ये लिंडा फ्राय बर्नहॅम यांच्याबरोबर त्याने सँटा मोनिकात 'हायवेज' नावाची जागा उभी केली. मोठी रंगभूमी ज्यांना दारात उभे करत नव्हती, अशा कलावंतांना या दोन्ही ठिकाणी हक्काचा रंगमंच मिळाला. एवढ्यावरही त्याचे नाव इतिहासात राहिले असते.

मिलर समलिंगी आहे आणि हे तो रंगमंचावरून उघड सांगतो. त्याच्या कामाला 'क्वीअर' रंगभूमी म्हणतात. हा इंग्रजी शब्द मूळचा 'विचित्र' अशा अर्थाचा. रस्त्यात, शाळेत तो शिवी म्हणून अंगावर फेकला जायचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, एड्सने तरुण मुले पटापट जात होती आणि सरकार थंड होते, तेव्हा त्याच लोकांनी ती शिवी उचलली आणि बिल्ल्यासारखी छातीवर लावली. 'अ‍ॅक्ट अप' ही संघटना १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाली. मिलर तिच्या लॉस एंजेलिस शाखेत होता. निदर्शने आणि नाटक या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी वेगळ्या नव्हत्या. त्या अशा काळातून आलेल्या आहेत.

त्याच्या प्रयोगाचा घाट समजून घ्यायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. आपल्याकडे एकपात्रीची मोठी परंपरा आहे. लक्ष्मण देशपांड्यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' ज्यांनी पाहिले असेल, त्यांना आठवत असेल: एक माणूस, हाताशी जवळपास काहीच सामान नाही, आणि समोर अख्खे वऱ्हाड उभे राहते. देशपांडे बावन्न पात्रे करायचे. मिलर बहुतेक वेळ एकच पात्र करतो, ते म्हणजे टिम मिलर. स्वतःच्या आयुष्यात घडलेले तो तासा-सव्वातासात सांगतो, मध्येच आईचा आवाज काढतो, मध्येच एखाद्या अधिकाऱ्याचा. मध्येच रंगमंच सोडून प्रेक्षकांत येऊन बसतो. पूर्वीच्या एका प्रयोगात तर अंगावर काही न ठेवता बसायचा! आपल्यापैकी पुष्कळांना हे आवडणार नाही, आणि आम्हालाही प्रत्येक वेळी त्याची गरज पटलेली नाही. पण तो विनोदी आहे, बरं का. हसवता हसवता माणसाला कोपऱ्यात गाठणे हे त्याचे बळ आहे.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. १९९४ मध्ये लंडनमध्ये मिलरची अ‍ॅलिस्टर मॅकार्टनीशी गाठ पडली. अ‍ॅलिस्टर हा ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, पुढे कादंबरीकार झाला. दोघांचे जमले. अ‍ॅलिस्टर विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत शिकायला आला. इथून पुढची गोष्ट आपल्याला तोंडपाठ असायला हवी. शिक्षण संपले की व्हिसा संपतो, मग दुसरा व्हिसा शोधा, नाहीतर परत जा. फरक इतकाच की आपल्यापैकी कुणी अमेरिकन नागरिकाशी लग्न केले असते तर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला स्पॉन्सर करून हा प्रश्न मिटला असता. मिलर जन्माने अमेरिकन नागरिक होता, तरी त्याला ती सोय नव्हती. ज्या माणसाबरोबर तो संसार करत होता, तो कायद्याच्या दृष्टीने त्याचा कुणीच नव्हता.

यावर त्याने १९९९ मध्ये जो एकपात्री केला त्याचे नाव 'ग्लोरी बॉक्स'. ऑस्ट्रेलियात मुलीच्या लग्नासाठी जी वस्तूंची पेटी भरून ठेवतात तिला ग्लोरी बॉक्स म्हणतात. रुखवत म्हणायचा मोह होतो, पण रुखवत लग्नात मांडायचे असते, चार लोकांनी बघायचे असते. ही पेटी त्याच्या आधीची. आपल्याकडे आई ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून एकेक साडी, चादरी, स्टीलची भांडी साठवत जायची आणि ट्रंक पलंगाखाली सरकवून ठेवायची, तशी. मिलरचा प्रश्न असा की माझ्यासारख्या मुलासाठी अशी पेटी कुणी भरली? आणि भरली असती, तरी ती उघडायचा दिवस यायचा होता का?

प्रयोगात तो स्वतःच्या नवव्या वर्षाची हकिकत सांगतो. शेजारच्या मुलाला त्याने अगदी सरळपणे विचारले, आपण लग्न करू या का? त्या मुलाने त्याला पाडले, बडवले आणि बोललेले मागे घ्यायला लावले. हे सांगताना मिलर प्रेक्षकांना हसवतो, मग हसू थांबते. प्रयोगाच्या शेवटाकडे विमानतळ येतो. दोघे परदेशातून परत येत आहेत. नागरिकांची रांग वेगळी, परक्यांची वेगळी. टिम सहज पलीकडे जातो. अ‍ॅलिस्टरला मात्र काऊंटरवर अडवतात आणि आत येऊ देत नाहीत. हा प्रसंग कल्पित आहे, तसा त्यांच्या बाबतीत घडलेला नव्हता. पण घडण्याची भीती प्रत्येक प्रवासात खरी होती, आणि ती भीती मांडायला कल्पनेचीच गरज होती.

मंडळी, ही रांग आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पासपोर्टला टाचलेला तो पांढरा आय-९४ चा कागद हरवला तर काय, या विचाराने ज्यांना विमानात झोप लागली नाही, ते आपल्यातच आहेत. अधिकाऱ्याने दोन प्रश्न जास्त विचारले की हातातल्या पिशवीतले लोणचेसुद्धा गुन्ह्यासारखे वाटू लागते. फक्त आपल्या बाजूला शिक्क्याचा एक आधार होता. सोबतची बाई माझी पत्नी आहे, हे म्हणायला आपण कचरलो नाही.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्यात आपलाही हात लागलेला आहे. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात 'सायकोपॅथिक पर्सनॅलिटी' असलेल्यांना प्रवेश नाही, असे कलम होते आणि समलिंगी माणसांना त्याखाली अडवत असत. मग १९६५ चा कायदा आला. या १९६५ च्या कायद्याला आपण सगळे दुवा देतो. देशोदेशींचे जुने कोटे त्याने मोडले, आणि आपले डॉक्टर, इंजिनीअर आणि त्यांच्या मागोमाग भाऊ, बहिणी, आईवडील या देशात येऊ शकले. या देशातली बहुतेक मराठी मंडळे ही त्या कायद्याचीच अपत्ये. पण त्याच कायद्याने प्रवेशबंदीच्या यादीत 'लैंगिक विकृती' असे शब्द नव्याने घातले, म्हणजे समलिंगी माणसाला अडवण्यात आता पळवाट राहू नये. आपल्यासाठी एक दार उघडले आणि त्याच कागदाने दुसऱ्या कुणासाठी कडी लावली. क्लाइव्ह बुटिलिए नावाच्या कॅनेडियन तरुणाचा खटला १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला. तोवर तो बरीच वर्षे अमेरिकेत राहून काम करत होता. कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याला देशाबाहेर घालवणे योग्य ठरवले. ही बंदी उठली ती १९९० च्या कायद्याने. म्हणजे आपल्यातले पुष्कळ जण इथे आले, घरे घेतली, मुले कॉलेजात गेली, तोपर्यंत ती चालू होती. आणि त्या वर्षांत आपल्यातही असे कुणी आले असतीलच की! फॉर्म भरताना ते काय करत असतील, याचा विचार निदान आम्ही तरी पूर्वी कधी केला नव्हता.

प्रवेशबंदी गेली तरी नात्याचा प्रश्न राहिलाच. तो किती जुना आहे, याचे उदाहरण म्हणजे रिचर्ड अ‍ॅडम्स आणि अँथनी सलिव्हन. अ‍ॅडम्सचा जन्म मनिलाचा, लहानपणी अमेरिकेत आला, पुढे नागरिक झाला. सलिव्हन ऑस्ट्रेलियन. १९७५ मध्ये कोलोराडोतल्या बोल्डर काऊंटीच्या क्लार्क क्लीला रोरेक्स यांनी त्यांना लग्नाचा परवाना दिला. त्यांचे लग्न लागले आणि अ‍ॅडम्सने नेहमीसारखा स्पॉन्सरशिपचा अर्ज केला. इमिग्रेशन खात्याच्या नकाराच्या अधिकृत पत्रात या दोघांसाठी सरळ शिवी छापलेली होती. सरकारी लेटरहेडवर! खटले चालले, ते हरले. १९८५ मध्ये सलिव्हनची हकालपट्टी थांबवायला ज्या न्यायाधीशांनी नकार दिला त्यांचे नाव अँथनी केनेडी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

१९९६ मध्ये 'डिफेन्स ऑफ मॅरेज अ‍ॅक्ट' आला. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, अशी व्याख्या त्याने संघराज्याच्या सगळ्या कायद्यांसाठी ठरवून टाकली. इमिग्रेशन हा संघराज्याचा विषय. त्यामुळे २००४ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये अशी लग्ने लागू लागली तरी ग्रीन कार्डसाठी त्या सर्टिफिकेटचा उपयोग शून्य. त्या काळात ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडा हे देश समलिंगी जोडीदाराला राहायचा हक्क देऊ लागले होते. २००० च्या जनगणनेवरून केलेल्या अंदाजानुसार एक नागरिक आणि एक परका अशी सुमारे ३६ हजार समलिंगी जोडपी अमेरिकेत राहत होती. त्यातली कोणी एका व्हिसावरून दुसऱ्यावर उड्या मारत होती. कोणी दोघेही कॅनडाला निघून गेली. कोणी महिन्याला हजार डॉलर फोनवर घालवत दोन खंडांत राहत होती, आणि काहींनी नाते सोडून दिले.

मिलरने हा प्रश्न घेऊन गावोगाव प्रयोग केले. मोठ्या शहरांत केलेच, पण कॉलेजे, चर्चचे हॉल, लहान गावांतली नाट्यगृहे यांत जास्त. प्रयोगात तो प्रेक्षकांना स्पष्ट सांगायचा की अ‍ॅलिस्टरला राहता आले नाही तर मीही हा देश सोडून जाणार. प्रयोग संपल्यावर बाहेरच्या टेबलावर कागद आणि पेन. न्यूयॉर्कचे काँग्रेसमन जेरल्ड नॅडलर यांनी २००० मध्ये एक विधेयक मांडले होते. त्यात इमिग्रेशन कायद्यात 'पती-पत्नी'च्या जोडीला 'कायमचा जोडीदार' हे शब्द घालावेत, एवढीच मागणी होती. आपल्या प्रतिनिधीला त्यासाठी पत्र लिहा, हा आग्रह. नाटक संपले, टाळ्या झाल्या, गाडीत बसलो, घरी गेलो, असे त्याला नको होते. कार्यकर्त्यांच्या भाषेत याला प्रचार म्हणतील. आम्हाला वाटते, तमाशात वग संपताना किंवा कीर्तनात आरतीच्या आधी झोळी फिरते, त्या जातीची ही गोष्ट आहे. ज्याने ऐकले त्याने काहीतरी द्यायचे. पैसे नसतील तर सही.

पैशाचा विषय निघालाच आहे. ही स्मरणिका हातात धरणारे आपण सगळे कुठल्या ना कुठल्या कामाला देणगी देणारे आहोत, म्हणून मिलरच्या आयुष्यातले दुसरे प्रकरण सांगितलेच पाहिजे. 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स' ही सरकारी संस्था कलावंतांना अनुदान देते. पद्धत अशी की त्या क्षेत्रातल्या जाणकारांची समिती अर्ज तपासून शिफारस करते. १९९० मध्ये समितीने ज्यांची शिफारस केली होती त्यांतल्या चौघांची अनुदाने अध्यक्ष जॉन फ्रॉनमायर यांनी रद्द केली. केरन फिनली, जॉन फ्लेक, हॉली ह्यूज आणि टिम मिलर हे ते चौघे. रक्कम प्रत्येकी काही हजार डॉलर. रक्कम लहान असली तरी प्रकरण मोठे झाले. सिनेटर जेसी हेल्म्स आणि त्यांचे साथीदार वर्षभर आधीपासून करदात्यांच्या पैशातून अश्लील कला चालते म्हणून गरजत होते. (हेच ते हेल्म्स, ज्यांच्या १९८७ च्या दुरुस्तीमुळे एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत प्रवेश बंद झाला. ती बंदी उठायला २०१० साल उजाडले.) चौघे कोर्टात गेले. १९९३ च्या तडजोडीत त्यांना अनुदानाएवढे पैसे मिळाले. पण दरम्यान काँग्रेसने कायद्यात नवे वाक्य घातले होते की अनुदान देताना सभ्यतेचे सर्वसाधारण निकष आणि लोकांच्या विविध श्रद्धा यांचा विचार व्हावा. त्याविरुद्धचा दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९९८ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी चौघे हरले. तोपर्यंत त्या संस्थेने बहुतेक वैयक्तिक कलावंतांना थेट अनुदान देणेच बंद करून टाकले होते.

मराठी माणसाला यात नवीन काय? तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला १९७२ मध्ये सेन्सॉरने बत्तीस कट सांगितले होते. कमलाकर सारंग हायकोर्टात गेले, आणि ते मात्र जिंकले. तिथे प्रश्न परवानगीचा होता, इथे पैशाचा. नाटक कर, पण आमच्या पैशाने नको, हा युक्तिवाद वरवर सभ्य दिसतो. देणगीदार म्हणून आम्हालाही तो क्षणभर पटतो. आपल्या घामाचा पैसा कुठे जातो हे विचारायचा हक्क आहेच, आणि हिशेब चोख मिळालाच पाहिजे. पण हिशेब मागणे वेगळे आणि संहिता तपासणे वेगळे. जाणकारांची समिती नेमायची आणि तिने निवडलेल्यांतून नको ती माणसे तेवढी वरच्या वर काढायची, यात समितीची गरजच काय? आपल्याकडे एकांकिका निवडतानाही कधी कधी असेच होते. एवढेच म्हणून पुढे जातो.

२००३ मध्ये मिलरने 'अस' हा प्रयोग केला. या नावात 'आम्ही' आहे आणि इंग्रजी अक्षरे मोठी केली की अमेरिका देशही आहे. लहानपणी ऐकलेल्या ब्रॉडवेच्या संगीत नाटकांच्या रेकॉर्ड्स हा त्याचा कच्चा माल. गाण्यांवर जीव टाकणारा एक मुलगा त्या गाण्यांतूनच अन्याय म्हणजे काय ते शिकतो, आणि मोठेपणी सामानाची बॅग घेऊन सरहद्दीवर उभा राहतो. नाट्यगीते ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला हे पटकन कळावे. याशिवाय तो जिथे जाईल तिथे विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतो. चार-सहा दिवसांत मुले स्वतःच्या आयुष्यातले काहीतरी लिहून, उभे राहून सादर करतात. आमच्या मते त्याच्या प्रयोगांपेक्षाही हे काम जास्त दिवस टिकेल.

नाटकाने कायदा बदलला का? नाही. नॅडलर यांचे विधेयक पुन्हा पुन्हा मांडले गेले आणि कधीच मंजूर झाले नाही. २०१३ च्या मे महिन्यात मोठ्या इमिग्रेशन विधेयकावर सिनेटच्या समितीत चर्चा चालू होती. समलिंगी जोडप्यांसाठीची दुरुस्ती सिनेटर लेही यांना जड मनाने मागे घ्यावी लागली, कारण तिच्यापायी अख्खे विधेयक बुडेल असे त्यांच्याच पक्षाचे लोक सांगत होते. आणि मग महिनाभरात, २६ जून २०१३ ला, एडिथ विंडसर नावाच्या वयोवृद्ध बाईंच्या वारसाकराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या कायद्यातली ती व्याख्या रद्द केली. पाच विरुद्ध चार. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँथनी केनेडी, १९८५ चे तेच! दोनच दिवसांत फ्लोरिडातल्या एका जोडप्याच्या अर्जाला इमिग्रेशन खात्याने मंजुरी दिली. टिम आणि अ‍ॅलिस्टर यांचे लग्न त्यानंतर झाले आणि लग्न, स्पॉन्सरशिप, कागदपत्रे हा सगळा मसाला मिलरने 'रूटेड' या पुढच्या प्रयोगात वापरला. त्यांना एकत्र राहायला लागून तोवर दोन दशके होत आली होती. अ‍ॅडम्सचे नशीब तेवढे नव्हते. तो डिसेंबर २०१२ मध्ये गेला, निकालाच्या सहा महिने आधी. सलिव्हनला २०१४ मध्ये इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांचे माफीचे पत्र आले आणि २०१६ मध्ये विधुर म्हणून ग्रीन कार्ड मिळाले. अर्ज १९७५ चा. ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल आपण तक्रार करतो तेव्हा ही एकेचाळीस वर्षे आठवावीत.

आता आपल्या अंगणात. समलिंगी माणूस मराठी रंगभूमीला अगदी अनोळखी नाही. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये आले, रोहिणी हट्टंगडींनी त्यातली सुमित्रा केली होती. अमेरिकेतही यावर उघड बोलायला माणसे कचरत होती, तेव्हाची ही गोष्ट. नंतर चेतन दातारांनी 'एक माधवबाग' लिहिले. त्यात मुलाची डायरी आईच्या हाती लागते आणि ती वाचता वाचता तिला मुलगा कळत जातो. दातार २००८ मध्ये अकाली गेले, पण हा एकपात्री अजून वाचला जातो, केला जातो. परदेशात राहणाऱ्या भारतीयांमध्येही संघटना झाल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९८६ मध्ये 'त्रिकोण', न्यूयॉर्कमध्ये १९९१ मध्ये 'साल्गा'. ही साल्गाची मंडळी न्यूयॉर्कच्या इंडिया डे परेडमध्ये चालायची परवानगी मागत राहिली आणि १९९० च्या दशकात वर्षानुवर्षे त्यांना नकार मिळत राहिला. अमेरिकन सरकार म्हणत होते तुम्ही कुटुंब नाही, आणि आपले लोक म्हणत होते तुम्ही भारतीयांत बसत नाही. दोन्हीकडच्या काऊंटरवर अडवलेला माणूस राहणार कुठे?

आज स्थिती अशी आहे की इथे एच-१ वर आलेला मराठी मुलगा कायदेशीर लग्न केलेल्या आपल्या नवऱ्याला एच-४ वर आणू शकतो. भारतात ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कलम ३७७ चा काच सैल झाला, समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने अशा लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे तोच मुलगा दिवाळीला पुण्याला गेला की विमान उतरताच त्याचे लग्न संपते, आणि परत इथे उतरला की पुन्हा सुरू होते. यात आईवडिलांचीही ओढाताण होते. लग्नाचा अल्बम कुणाला दाखवायचा आणि कुणापासून लपवायचा, हे ठरवण्यात त्यांचे आयुष्य जाते. अशा आया आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांना येतात, पुरणपोळ्या लाटतात, आणि 'मुलाचं यंदा उरकायचं का?' या प्रश्नाला हसून उत्तर देतात.

कायदा आपल्या हातात नाही, पण एक फॉर्म आहे. बहुतेक मराठी मंडळांच्या वर्गणीच्या फॉर्मवर 'कौटुंबिक सभासदत्व' असा रकाना असतो आणि त्याखाली पतीचे नाव, पत्नीचे नाव, मुलांची नावे. १९९९ मध्ये मिलर ज्या रकान्याशी भांडत होता, तोच हा. तिथे 'सभासदाचे नाव, जोडीदाराचे नाव' एवढे छापायला वेगळा खर्च येत नाही. फॉर्म दरवर्षी छापावेच लागतात.

मिलरच्या संहिता 'बॉडी ब्लोज' (२००२) आणि 'ए बॉडी इन द ओ' (२०१९) या पुस्तकांत वाचायला मिळतात. आठवणी आणि निबंध '१००१ बेड्स' (२००६) मध्ये आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठाने ती छापली, त्यामुळे कॉलेजांच्या लायब्रऱ्यांत सहज सापडावीत. भाषा मोकळी आहे, काही पाने मुलांच्या हाती पडू नयेत अशी आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना मराठीतच हवे आहे त्यांच्यासाठी 'एक माधवबाग' आहेच. त्याला एक अभिनेत्री, एक खुर्ची आणि एक वही लागते. नेपथ्याचा खर्च नाही, तालमीला हॉल नको, कुणाच्याही बेसमेंटमध्ये होईल. आपल्या मंडळाच्या नाट्यवाचनाच्या संध्याकाळी ते ठेवावे अशी आमची सूचना आहे. वाचायला तयार असलेल्या भगिनींनी कार्यकारिणीपैकी कुणाशीही बोलावे.